भिंतीपाशी बसलेली मुलगी

एका मुलीला मी भर वर्गात चूक ठरवलं, आणि ती बरोबर होती. हे मला नंतर कळलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मला त्याच क्षणी कळलं होतं. वर्गातल्या सव्वीस मुलांपैकी ती एकटी बरोबर होती, आणि मी तिच्याकडे बोट करून "आऊट" म्हणालो. ती तेव्हा चौथीत होती.

मी शिक्षक आहे. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्यापासून थोडं आत, उसाच्या रानांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. सातवीपर्यंतचे वर्ग, आम्ही चार शिक्षक, आणि चौथीपासून पुढच्या सगळ्या वर्गांचं इंग्रजी माझ्याकडे. राहतो मात्र दौंडला, कारण बायकोची नोकरी तिकडे आहे. रोज सकाळी मोटारसायकलवर चौफुला करून, भीमेचा पूल ओलांडून शाळेत येतो आणि संध्याकाळी तसाच परत. हंगाम सुरू असला की पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या असतात. ओव्हरटेक करायला जागा नसते. अंगावर पाचट उडत असतं आणि आपण मुकाट्याने मागे मागे जात असतो. या तीन वर्षांतला माझा बराचसा विचार त्या ट्रॉल्यांच्या मागेच झाला.

चूक एका खेळापासून सुरू झाली. खेळ चांगला होता, हे आजही म्हणतो.

आमच्या मुलांना इंग्रजी शब्द वाचायला दिला की ती अंग चोरून घेतात. मान खाली जाते, आवाज बसतो. म्हणून मी क्रियापदं शिकवण्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवली. सगळ्यांना उभं करायचं. मी "जम्प" म्हटलं की उडी, "ड्रिंक" म्हटलं की ओंजळ तोंडाला, "राईट" म्हटलं की तळहातावर बोटाने लिहायचं. जो चुकेल तो आऊट. आऊट झालेल्याने वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचं आणि डाव संपला की मी "सगळे आत या" म्हणायचो. मग भिंतीची मुलं पुन्हा आत आणि नवा डाव. मुलांनीच त्याला "इंग्लिश आऊट" हे नाव दिलं होतं. पहिले काही आठवडे वर्गात नुसता गोंधळ. पाऊण वर्ग भिंतीला. कोणी "रन" म्हटल्यावर झोपायचं, कोणी "स्लीप" म्हटल्यावर पळत दारापर्यंत जायचं, आणि भिंतीला बसलेली मुलं त्यांना नावं ठेवायची. पण हळूहळू शब्द कानात बसत होते. मला दिसत होतं.

मग भेट ठरली. शिक्षण खात्यातले वरचे साहेब आमच्या केंद्रातल्या शाळा बघायला येणार होते आणि खेळातून शिकवणं त्यांना बघायचं होतं. मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं होतं. त्यांनी माझा वर्ग दारातून बघितला आणि म्हणाले, "सर, सगळं झ्याक हाय. फक्त साहेब आल्यावर भिंत भरलेली दिसायला नको."

"खेळात चुकणारच की पोरं, सर."

"आपल्याला म्हाईत हाय. साहेबांना काय दिसणार? निम्मा वर्ग बाद."

आमच्याकडे भेटीच्या आधी पाठ बसवतात. गॅदरिंगचा नाच बसवतात तसाच. कोणी त्याला वाईट म्हणत नाही. ज्याचा पाठ बसलेला नसतो त्यालाच लोक निष्काळजी म्हणतात. मीही बसवला. बारा क्रियापदं घेतली आणि त्यांचा एक दिवस केला. वेक अप, स्टँड अप, वॉश, कोम्ब, ईट, ड्रिंक, वॉक, सिट, रीड, राईट, रन, स्लीप. सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंत. रोज तोच क्रम, रोज तीनदा. आठवड्याभरात असं झालं की भिंत रिकामी. शेवटी "स्लीप" म्हटलं की सव्वीस डोकी एकदम हातांवर जायची आणि वर्गात इतकी शांतता व्हायची की बाहेरच्या बोअरची मोटार ऐकू यायची.

भेटीच्या दोन दिवस आधी मी पुढच्या बाकावरच्या एकाला सहज विचारलं, "ईट म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "पाचवं, सर."

मी हसलो. घरी जाऊन बायकोला हा विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही. "मग त्यांना येत काय?" असं तिने विचारलं. मी ताट पुढे ओढलं आणि भेट झाल्यावर बघू म्हणालो.

ती मुलगी त्या आठवड्यात शाळेत नव्हती. तिच्या मामाचं लग्न दौंडला होतं आणि ते सगळे तिकडे गेले होते. तिच्या वडिलांचं न्हावऱ्यात मोटारी भरण्याचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यातली तार काढून नवीन तार भरून देतात. घर आमच्या वस्तीवर, आजोबा-पणजोबांपासूनचं. ईदला शाळेत शिरखुर्म्याचा डबा येतो तो त्यांच्या घरून. मुलगी बारीक चणीची, दोन वेण्या, आणि कायम तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत असायची. भेटीच्या आदल्या दिवशी ती परत आली. मी तिला विचारलं, "खेळ लक्षात आहे ना?" ती हो म्हणाली. तिला आठवत होता तो आधीचा खेळ. क्रम तिला माहीतच नव्हता. माझ्या ते डोक्यात आलं नाही.

भेटीच्या दिवशी मी मोबाईल खिडकीत पुस्तकांच्या आधाराने उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला. साहेब आले, त्यांच्याबरोबर आणखी दोघं आले. डाव सुरू झाला आणि पहिल्यांदा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ती मुलगीही चुकली नाही. ती प्रत्येक वेळी अर्धा श्वास उशिरा होती, एवढंच. बाकीच्यांचे हात माझं तोंड उघडायच्या आधी हलत होते आणि ती शब्द ऐकून हात हलवत होती. हे मला आत्ता, व्हिडिओ शंभरदा बघितल्यावर दिसतं.

साहेब खूष झाले. चांगला माणूस. मुलांमध्ये रमणारा. म्हणाले, "द्या, आता मी सांगतो." माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला. "वेक अप." सगळे डोळे चोळत उठले. "स्टँड अप. वॉश. कोम्ब." आणि मग कागदावर त्यांची नजर घसरली की त्यांनी मुद्दाम केलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "राईट."

पंचवीस मुलं जेवायला लागली. घास मोडून, तोंडात घालून, काहीजण चावूनसुद्धा दाखवत होते. आणि ती एकटी डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटाने लिहीत होती.

तेवढ्यात साहेबांच्या खिशातला फोन वाजला आणि त्यांनी मान खाली घातली. मी त्या मुलीकडे बघितलं, पंचवीस मुलांकडे बघितलं. साहेबांनी मान वर केली की त्यांना काय दिसेल याचा हिशेब मी केला. फार वेळ लागला नाही. तिच्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "आऊट." आणि डाव स्वतःकडे घेऊन लगेच पुढचं म्हणालो, "ड्रिंक." पंचवीस ओंजळी वर गेल्या. साहेबांनी मान वर केली तेव्हा वर्ग पाणी पीत होता आणि एक मुलगी भिंतीकडे चालली होती.

जाताना तिने माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे नाही. आपण कुठं चुकलो हे समजून घ्यायला मुलं बघतात तसं बघितलं. मी "वॉक" म्हणालो.

"स्लीप" झाल्यावर टाळ्या झाल्या. पाहुण्यांना चहासाठी ऑफिसात न्यायचं होतं, मुख्याध्यापक दारात हात दाखवत उभे होते, आणि त्या गडबडीत "सगळे आत या" म्हणायचं राहून गेलं. ऑफिसचं दार त्या भिंतीच्या शेवटाला आहे. साहेब दारात थांबून म्हणाले, "छान बसलाय वर्ग. एकच जरा कच्ची दिसली."

मी म्हणालो, "नवीन आहे, साहेब."

ती चार हातांवर बसली होती. पहिलीपासून ती आमच्याच शाळेत होती.

दुसऱ्या दिवशी मी खेळासाठी वर्गाला उभं केलं. ती उठली, आणि डाव सुरू व्हायच्या आधीच जाऊन भिंतीला बसली. मला वाटलं, रुसली असेल. मी डाव सुरू केला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. पोरांनी चिडवलं, "अयं, आजून सुरू न्हाई झालं." ती म्हणाली, "मी आऊट हाय." पुढे पोरांनाही सवय झाली, मलाही. खेळ म्हटला की बाकीचे उभे राहायचे आणि ती भिंतीला जायची. चौथी, पाचवी, सहावी. इंग्रजीची वही नीट असायची, पेपरात पास व्हायची. पण माझ्या तासाला तिच्या तोंडून एक शब्द आला नाही. मीही विचारला नाही, कारण विचारलं असतं तर ती काय बोलेल याची मला भीती होती. त्या वर्षी ईदला डबा आला. माझ्या वाट्याची वाटी मी शिपायाला दिली, गोड बंद केलंय असं सांगून.

व्हिडिओ मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला. "खेळातून क्रियापदे" असं त्याला कोणीतरी नावही दिलं. मला शिरूरला प्रशिक्षणात बोलायला बोलावलं, मग दौंडला. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि तोपर्यंत मला कोणी कुठं बोलायला बोलावलं नव्हतं. मी गेलो. आणि एकदा गेल्यावर बाहेर यायला वाटच राहिली नाही. प्रत्येक ठिकाणी तोच व्हिडिओ लावायचा, कारण लोक तोच बघायला आलेले. शाळेत पाहुणे आले की त्यांना तोच खेळ हवा, तोच दिवस, शेवटी तीच झोप. दरवर्षी चौथीचा नवा वर्ग आला की मी त्यांना तोच क्रम बसवायचो. क्रम मोडून खेळलो असतो तर भिंत भरली असती आणि लोकांनी विचारलं असतं, व्हिडिओत तर एकच मुलगी आऊट होती. ती एकच आऊट झाली होती म्हणून मला खरा खेळ खेळता येत नव्हता.

व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. दोन मिनिटं झाल्यावर साहेबांचा "राईट" स्पष्ट ऐकू येतो. दरवेळी त्या ठिकाणी मी हॉलमधल्या चेहऱ्यांकडे बघायचो. कोणालातरी दिसेल असं वाटायचं. दिसू नये असंही वाटायचं आणि दिसलं नाही की रागही यायचा. इंग्रजी शिकवणारी माणसं, ऐकतात ते इंग्रजी, आणि बघतात ते फक्त एकसारखे हलणारे हात. कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय एकसारखं करतायत ओ पोरं."

गेल्या हिवाळ्यात दौंडच्या प्रशिक्षणात एका बाईंना ते दिसलं. निवृत्तीला आलेल्या, कॉटनची साडी, पर्समधून चष्मा काढून लावलेला. व्हिडिओ पुढे गेला होता, त्या म्हणाल्या, "सर, जरा मागं घ्या की."

मी मागे घेतला.

"ते साहेब राईट म्हणाले."

"हो का?" मी म्हणालो. "आवाज नीट नाही बघा त्यात. खिडकीत ठेवला होता मोबाईल."

"राईट म्हणाले. आणि ती पोरगी लिहिती आहे."

मागून एक तरुण शिक्षक म्हणाला, "बाईंचा चष्मा नवीन हाय, सर." हॉल हसला. मीही हसलो. बाईंनी चष्मा काढून परत पर्समध्ये ठेवला. मी व्हिडिओ पुढे नेला आणि तासाचं जे काही उरलं होतं ते घाईने संपवलं.

चहाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या. कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "कितवीत आहे ती आता?"

"सातवीत."

"तुमच्याच शाळेत?"

"हो."

"मग बरंय," त्या म्हणाल्या. बिस्किट खाल्लं, कप ठेवला आणि गेल्या.

त्यानंतर मला झालेलं आणखी असह्य झालं. कारण आता ते दोघांना माहीत होतं. आणि सातवीनंतर ती मुलगी हायस्कूलला जाणार होती. म्हणजे माझ्या हाताबाहेर.

मी ठरवलं की आधी तिच्या वडिलांशी बोलू. तसंच जायला धीर होईना, म्हणून घरातला एक बंद पडलेला पंखा मोटारसायकलला मागे बांधला आणि शनिवारी शाळा सुटल्यावर न्हावऱ्याला त्यांच्या दुकानात गेलो. मुलगी तिथंच होती. स्टुलावर बसून हातमशीन फिरवत होती, त्यावर तांब्याची तार गुंडाळली जात होती आणि ती पुटपुटत होती, "एकशेबारा, एकशेतेरा..."

"या सर, बसा," वडील म्हणाले. "पर जरा थांबा. मधी बोललं की तिचा आकडा मोडतो."

मी बसलो. एकशेऐंशीपर्यंत आम्ही दोघं गप्प. मला आठवलं, शाळेतही ती काहीतरी मोजत असायची. हे मोजत होती तर.

आकडा झाल्यावर वडिलांनी पंखा उलटासुलटा केला. "दौंडातनं पंखा घिऊन न्हावऱ्याला आला व्हय सर? तिथं कुणी भरून देत न्हाई का?"

"तुमचं काम चांगलं असतं."

"ते हाय म्हणा," ते हसले. मग हात पुसत म्हणाले, "बरं झालं आलात. हायस्कूलचा फारम आलाय. आठवीला सेमी इंग्रजी घ्यायचं का मराठी, त्यावर लिहायचंय. गणितात हिचा हात कुणी धरत न्हाई. तिथले सर म्हणले, सेमी घ्या, पुढं सायन्सला बरं पडतं. पर ही नको म्हणती. म्हणलं जाऊ दे, इंग्लिशचं डोकं न्हाई तिला."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच की." त्यांनी अगदी सहज सांगितलं, मनात काही न ठेवता. "चौथीला साहेब आला व्हता तवा. कच्ची हाय, नवीन हाय म्हणला व्हता म्हणं. आम्ही घरात अजून तिला नवीन म्हणतो, चिडवायला. ए नवीन, सरांना पाणी दे."

तिने पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. ग्लास परत देताना तिला विचारलं, "सेमी का नको?"

"नको मला," ती म्हणाली आणि दुसरी तार लावायला बसली.

"फारम कधी द्यायचाय?" मी वडिलांना विचारलं.

"पुढच्या शनिवारपतूर."

मी पंखा ठेवून निघालो. परतताना चौफुल्यापर्यंत ट्रॉल्यांच्या मागे होतो आणि पहिल्यांदा त्या पुढे आहेत याचं बरं वाटलं, कारण लवकर घरी पोचून काय करायचं हे मला कळत नव्हतं. घरात त्या माणसांनी माझ्या खोट्याचं एक लाडाचं नाव करून ठेवलं होतं.

रविवारी मी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं. सरळ लिहिलं. त्या व्हिडिओत साहेब राईट म्हणाले आहेत, आऊट केलेली मुलगी बरोबर आहे, बाकी सगळा वर्ग चुकलेला आहे, कारण मी मुलांना क्रम पाठ करून घेतला होता. कृपया तो व्हिडिओ पुढे वापरू नये. पाठवण्याआधी नोकरीचं काय होईल इथपर्यंत विचार करून झाला होता.

पाच मिनिटांनी पहिला अंगठा आला. मग हात जोडलेले. एकाने लिहिलं, "सर, तुमचा मोठेपणा." दुसऱ्याने, "यालाच म्हणतात हाडाचा शिक्षक." आमच्या मुख्याध्यापकांनी फुलांचा गुच्छ टाकला. त्यानंतर कोणाचातरी वाढदिवस निघाला आणि सगळे केक टाकू लागले. दुपारी शिरूरहून फोन आला, पुढच्या प्रशिक्षणात हाच अनुभव सांगाल का, फार प्रेरणादायी आहे. मी फोन ठेवला. कबुली दिली तरी बाहेर पडता येत नव्हतं. लोकांनी त्या कबुलीचाही पाठ बसवायला घेतला होता. आणि मला कळलं की मी चुकीच्या माणसांना सांगितलं. यातल्या कोणालाच मी भिंतीला बसवलं नव्हतं.

सोमवारी सातवीवर माझा दुसरा तास होता. शाळेला मिळालेला टीव्ही मी वर्गात आणून ठेवला. वर्ग तोच, चौथीचा, दोघं-तिघं गाव सोडून गेलेले. टीव्ही बघून त्यांना वाटलं पाहुणे येणार, म्हणजे खेळ आहे, आणि सगळे उठून उभे राहिले. ती वही बंद करून भिंतीला जाऊन बसली.

"आज खेळ नाही," मी म्हणालो. "बसा. चौथीत साहेब आले होते ते तुम्हाला दाखवतो. ते काय म्हणतात ते नीट ऐका."

स्वतःला लहान बघून ते आधी हसण्यातच होते. "आयला, किती बारका व्हता रं तू." "ह्याचं नाक बघ." दोन मिनिटांनी साहेब "राईट" म्हणाले. मी थांबवलं. पडद्यावर पंचवीस मुलं घास हातात धरून थांबली.

एकजण म्हणाला, "सर, आपण जेवतोय."

"जेवायचं कुठं सांगितलंय त्यांनी," एक मुलगी म्हणाली. "ती बराबर हाय की." आणि सगळ्यांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं.

मी भिंतीपाशी गेलो. उभ्याने बोलणं बरं वाटेना, म्हणून तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून खाली बसलो. गुडघे वाजले, तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. एवढी वर्षं मी मुलांना तिथं बसवत होतो आणि स्वतः कधी बसलो नव्हतो. तिथून फळा दिसत नाही. बाकांचे पाय आणि मुलांच्या पाठी दिसतात.

"तू बरोबर होतीस," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय, सर."

"कधीपासून?"

"तवाच. घरी जाऊन पुस्तकात बघितलं. राईट म्हंजी लिहिणं."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिच्या मनात स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घातली. तसं नव्हतं. तिला पक्कं माहीत होतं.

"मग रोज भिंतीला का बसत होतीस?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्ही आऊट म्हणला व्हता. मग आत ये असं कुणी म्हणलंच न्हाई."

"आणि सेमी? ते का नको?"

तिने बोटाने फरशीवर रेघ ओढली. "तिथं पण इंग्लिशचे सर असतील," ती म्हणाली. "बराबर येऊन काय उपेग हाय?"

मी रविवारी रात्रभर काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्या क्षणी कामाचं राहिलं नाही. जे सुचलं ते बोललो, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, कारण आऊटही मी तेवढ्याच मोठ्याने म्हणालो होतो.

"तू लिहीत होतीस हे मी बघितलं होतं. तू बरोबर आहेस हे मला तेव्हाच कळलं होतं. साहेबांसमोर माझं हसू होऊ नये म्हणून मी तुला आऊट केलं. तू नवीन आहेस हेही खोटंच सांगितलं. आज संध्याकाळी तुझ्या वडिलांना दुकानात जाऊन हे सांगणार आहे. फॉर्मवर काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पण माझ्यामुळे नको म्हणू नकोस. चूक माझी होती, आणि ती न सांगता मी तुला तीन वर्षं इथं बसवून ठेवलं. मला माफ कर. आत ये."